खोका मुलाच्या नावाचा, विमान बाबांचं

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. धाकटी अडीच वर्षांची. माझ्या मिस्टरांना लहानपणी प्लॅस्टिकची विमानं जोडायचा नाद होता. मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी परदेशातल्या भावाकडून डकोटा या जुन्या वाहतुकीच्या विमानाचा किट मागवला, चांगला महागातला. शनिवारी दुपारी दोघं हौसेने बसले. तासाभरात मिस्टर एकटेच जोडत होते आणि मुलगा सोफ्यावर मोबाइल घेऊन पडला होता. आता हे म्हणतात, ‘हल्लीच्या पोरांना धीरच नाही.’ मुलगा म्हणतो, ‘बाबा मला हातच लावू देत नाहीत.’ अर्धवट विमान शोकेसवर पडलंय. नऊ वर्षं हे वय लहान आहे का? त्या गोंदाचा वास, ब्लेड, घरात लहान मूल, हे सगळं कसं सांभाळायचं? आणि खरं सांगते, मोबाइल सुटावा एवढीच माझी इच्छा होती.

उत्तर:

ताई, तुमच्या घरात दोन तक्रारी आहेत आणि मी मुलाच्या बाजूने आहे.

नऊ वर्षांच्या मुलाला धीर नसतो हे मला पटत नाही. सोसायटीच्या आवारात आपली बॅटिंग यावी म्हणून हीच मुलं तास तास उन्हात फिल्डिंग करतात. बॅटिंग येणारच नाही हे कळलं की मात्र ती घरी निघून जातात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

त्या शनिवारी तुमच्या टेबलावर काय झालं असेल ते मला इथे बसून दिसतं. मुलाने पहिला तुकडा फ्रेममधून तोडला (किटचे सगळे तुकडे अशा प्लॅस्टिकच्या फ्रेमला चिकटलेले येतात). कडेला प्लॅस्टिकचा छोटा खुंट राहिला. बाबा म्हणाले, “थांब, असं नाही. दे इकडे.” दुसरा तुकडा, पुन्हा “दे इकडे”. थोड्या वेळाने मुलगा आपणहूनच तुकडे पुढे करायला लागला, आणि मग उठून गेला. बाबांच्या मनात वाईट काही नव्हतं. लहानपणी जो खोका दुकानाच्या काचेतून नुसता बघितला तो आज हातात आलाय, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत बिघडताना बघवत नाही. मलाही बघवला नसता. पण मग तो खोका मुलाच्या नावावर आणला असला तरी मुलाचा नव्हता, एवढं घरात एकदा कबूल करून टाका.

म्हणून पहिला उपाय हा की डकोटा बाबांना द्या. राजरोस द्या, त्यांच्या वाढदिवसाची वाट बघू नका. आणि मुलासाठी दुसरा, लहान आणि स्वस्त किट आणा, जो फक्त त्याचा. दोघांनी एकाच टेबलाशी, एकाच वेळी, आपापल्या कामाला बसायचं. एका किटवर दोन माणसं बसली की एक जोडतो आणि दुसरा बघतो, कारण काम मुळातच एका वेळी एका जोडी हातांचं आहे. त्यात गोंद वाळेपर्यंत थांबायचं, रंग वाळेपर्यंत थांबायचं. बघणाऱ्याने करायचं काय?

बाबांना नियम एकच: विचारल्याशिवाय मुलाच्या तुकड्याला हात लावायचा नाही आणि तोंडही उघडायचं नाही. चाक उलटं बसतंय? बसू दे. पुढच्या पायरीला ते आडवं आलं की त्याचं त्यालाच कळेल, आणि तेव्हा तो जे शिकेल ते बाबांच्या दहा सूचनांनी शिकणार नाही. उलट बाबांच्या हातून एखादा बारीक तुकडा चिमट्यातून उडाला आणि ते सोफ्याखाली टॉर्च घेऊन पालथे पडले, तर ते मुलाला दिसलंच पाहिजे. मोठ्यांनाही हे सहज जमत नाही ही बातमी मुलांपर्यंत सहसा पोचत नाही.

वयाचं म्हणाल तर नऊ वर्षं लहान नाहीत, पण पहिल्यांदाच करणाऱ्याला डकोटा भारी आहे. खऱ्या डकोटाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत २९ मीटर भरतात. १:७२ या प्रमाणात, म्हणजे बहात्तरपट लहान केलं, तरी ४० सेंटिमीटर होतात. धड दोन लांब अर्ध्यांचं, ते नीट जुळवायचं, मधली शीव घासून घालवायची, पारदर्शक खिडक्या बसवायच्या, मग रंग. अनुभवी माणसाचे कित्येक रविवार जातील असं हे काम. मुलाला डकोटाची गोष्ट मात्र जरूर सांगा: २७ ऑक्टोबर १९४७ ला याच विमानांतून शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरले होते. बाबा जोडत असतील तेव्हा शेजारी बसलेल्या मुलाला ही गोष्ट शाळेतल्या धड्यापेक्षा जास्त लक्षात राहील.

मुलाचा पहिला किट गोंद न लावता खटकन बसणारा असावा. त्याला ‘स्नॅप फिट’ म्हणतात. यात जपानी कार्टून मालिकेतल्या गन्डम रोबोंचे १:१४४ चे किट फार सोयीचे. गन्डमचे किट १९८० पासून निघताहेत, हल्लीचे बिनगोंदाचे असतात. प्लॅस्टिक मुळातच रंगीत असतं, त्यामुळे रंगवलं नाही तरी चालतं. सूचनापुस्तिका जपानी असली तरी सगळं चित्रांतून आणि आकड्यांतून समजतं. गोष्टीतला रोबो १८ मीटर उंच, म्हणून तुमच्या टेबलावर तो साडेबारा सेंटिमीटरचा. डकोटावाले बाबा नाक मुरडतील, “हे काय मॉडेल?” म्हणतील. मुरडू द्या. फ्रेममधून तुकडा सोडवणं, आकडा बघून जागा शोधणं, आधी नुसता लावून बघणं आणि मगच दाबणं, हे सगळं यात तेच आहे. विमानच हवं असेल तर तशी विमानंही मिळतात. एक इंजिन, थोडे तुकडे, खोक्यावर लहान वय छापलेलं. मिग-२१ सारखं विमान १:७२ मध्ये जेमतेम दहा सेंटिमीटर पंखांचं होतं. आपल्या हवाई दलातून ते २०२५ च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त झालं, तेव्हाच्या बातम्या मुलाने पाहिल्या असतील. पण मिगचे बहुतेक किट गोंद लावायचे असतात, म्हणून ते पहिले दोन-तीन किट झाल्यावर. राम मारुती रोडच्या खेळण्यांच्या दुकानांत आधी विचारा, नाही मिळालं तर ऑनलाइन मागवा. खोका मुलालाच निवडू द्या.

प्रमाणाच्या आकड्यांचं थोडं सांगते, कारण दुकानात गोंधळ तिथेच होतो. भागाकारातला आकडा जितका मोठा तितकं मॉडेल लहान. १:७२ म्हणजे एका इंचात सहा फूट, १:४८ म्हणजे पाव इंचात एक फूट. इंच-फुटांच्या देशांत या छंदाने जोर धरला म्हणून हे असले आडवेतिडवे आकडे. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने विमानं ओळखायला शिकवण्यासाठी तिथल्या शाळकरी मुलांकडून लाखो लाकडी प्रतिकृती करवून घेतल्या, त्याही १:७२ च्याच. रणगाडे सहसा १:३५ मध्ये येतात, मोठी जहाजं १:३५० किंवा १:७०० मध्ये. आपली नवी विमानवाहू नौका विक्रांत २६२ मीटरची आहे, १:७०० ला ती साडेसदतीस सेंटिमीटर होईल. हे भागाकार मुलाला करायला लावा, पण गणिताची वही पुढे सरकवू नका. पट्टी द्या, टेबलावर बोटांनी मापून दाखव म्हणा.

आता एक विचारते. गेल्या दिवाळीत तुमच्या सोसायटीत किल्ला केला होता का? केलाच असेल. विटा, गोणपाट, लाल माती, वर अळीव पेरून हिरवळ. म्हणजे तुमच्या मुलाने प्रतिकृती करायला केव्हाच सुरुवात केली आहे, तुम्ही ती या खात्यात धरली नाहीत इतकंच. त्या किल्ल्यावर महाराजांची मूर्ती बुरुजाएवढी असते आणि मावळा दरवाजातून आत जाऊ शकत नाही, हे त्याला यंदा दाखवा. चूक म्हणून दाखवू नका, कोडं म्हणून विचारा: “हा मावळा एवढा असेल तर दरवाजा केवढा पाहिजे?” मुलं यावर फार गंभीरपणे विचार करतात. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने या प्रश्नानंतर अख्खा महादरवाजा पाडून पुन्हा बांधला, आणि बांधून झाल्यावर बाजारातून आणलेले मावळेच जाडे आहेत असा निर्णय दिला.

खर्च न करता काही करायचं असेल तर लोकलचा डबा करा. ठाण्याच्या मुलाला आगगाडीचं महत्त्व सांगावं लागू नये. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी आपल्याच गावी आली, १४ डबे आणि तीन इंजिनं घेऊन. प्रमाण १:१०० घ्या, म्हणजे एका मीटरचा एक सेंटिमीटर, तोंडी हिशोब. लोकलचा डबा साधारण वीस मीटर लांब आणि ३.६६ मीटर रुंद असतो, म्हणजे कार्डशीटचा वीस सेंटिमीटरचा खोका, रुंदी पावणेचारच्या आत. दारं आणि खिडक्या त्याने स्टेशनवर उभं राहून मोजायच्या आणि कागदावर काढून आणायच्या. इथे खरी मजा येते, कारण रोज बघितलेल्या डब्याला एका बाजूला दारं किती हे कुणालाच सांगता येत नाही. बारा डब्यांची गाडी करीन म्हणाला तर अडवू नका, पण ती अडीच मीटर होईल आणि तुमच्या हॉलची भिंत पुरेल का हे आधी मोजून बघायला लावा. (बाबांसाठी जाता जाता: आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. बाजारात एचओ नावाने मिळणारे खेळण्यातले रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. म्हणजे त्या रुळांवर भारतीय गाडी जवळपास १:१०० मध्येच शोभते. कार्डशीटचा डबा पुढेमागे तिथे धावू शकेल.)

हत्यारांवर सुरुवातीला पैसे घालू नका. एक बोथट टोकाचा चिमटा, एक साइड कटर (छोटी कापायची पक्कड) आणि वॉटर पेपरचे, म्हणजे ओला करून घासायच्या पॉलिश पेपरचे, दोन-तीन तुकडे: ४००, ६०० आणि १००० नंबरचे, हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळतात. कटर येईपर्यंत घरातला नेलकटर चालतो, खरंच चालतो. तुकडा सोडवायची पद्धत मात्र पहिल्या दिवशीच शिकू दे. फ्रेमला जिथे तुकडा चिकटलेला असतो तिथे त्याच्या अंगालगत कापायचं नाही. आधी लांबून कापायचं, तुकडा हातात घ्यायचा, आणि मग उरलेला खुंट दुसऱ्या कापाने काढायचा. एका दमात अंगालगत कापलं की प्लॅस्टिक ताणलं जातं आणि तिथे पांढरा डाग उठतो, तो घासूनही पूर्ण जात नाही. गडद रंगाच्या तुकड्यावर तर फारच दिसतो. नंतर वॉटर पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवायचा, म्हणजे भुकटी उडत नाही. दोन कापांची ही सवय लागली की निम्मं काम सुबक होतं. ब्लेड मात्र बाबांच्याच हातात. ‘हात लावायचा नाही’ या नियमाला हा अपवाद. मुलगा सांगेल तिथे कापून द्यायचं आणि ब्लेडला टोपण घालायचं.

काम टेबलावर थेट करू नका, काठ असलेल्या मोठ्या परातीत करा. तुकडे बाहेर घरंगळत नाहीत, आणि जेवणाची वेळ झाली की परात उचलली की झालं. बारीक तुकडे पायरीनुसार लावून ठेवायला इडलीपात्राची एक ताटली उत्तम, प्रत्येक खळग्यात एका पायरीचे. पंखा बंद किंवा अगदी हळू.

धाकटीचं सांगते, यात मात्र ढिलाई नको. अडीच वर्षांच्या मुलीच्या तोंडात हे तुकडे जाऊ शकतात. ती झोपली असेल तेव्हाच बसा, आणि उठताना परात टेबलावर ठेवू नका, सगळे तुकडे झाकणाच्या डब्यात घालून डबा कपाटावर चढवा. पाच मिनिटांसाठी उठलात तरी तेच. संपल्यावर फरशीवरून एकदा झाडू फिरवायचं काम मुलाचं.

गोंदाबद्दल तुमची काळजी रास्त आहे. प्लॅस्टिक मॉडेलचा गोंद साध्या अर्थाने चिकटवत नाही, तो दोन्ही कडा थोड्या विरघळवतो आणि त्या एकमेकींत मुरतात. म्हणून सांधा पक्का होतो आणि म्हणूनच वासही उग्र. मुलाला पहिल्या दोन-तीन किटना तो लागणारच नाही. बाबांनी डकोटासाठी वापरताना खिडकी उघडी ठेवून, बाल्कनीकडच्या बाजूला बसावं, आणि बाटली आडवी होऊ नये म्हणून ती मातीच्या गोळ्यात रोवून ठेवावी. फेविक्विकवर भागवायचा मोह होईल. बोटं चिकटतात ते सोडा, त्याच्या वाफेने पारदर्शक खिडक्यांवर पांढरं धुकं बसतं. खिडक्यांना घरातला साधा फेविकॉल लावा. वाळला की दिसत नाही, आणि जास्त झाला तर ओल्या फडक्याने पुसता येतो.

रंग मुलाला आवडतो, म्हणून तो पुढे ढकलायची गरज नाही. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक घ्या. तुकडे आधी साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा, साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग सुटतो. एक जाड थर देण्याऐवजी दोन-तीन पातळ थर, मध्ये वाळू देऊन. स्प्रेचे डबे बाबांना आवडतील, पण आपल्याकडे जुलै-ऑगस्टात ते बाजूलाच ठेवलेले बरे. हवेत इतका दमटपणा असतो की स्प्रेच्या रंगाचा (लॅकरचा) थर दुधाळ होतो. आणि मुलाने जांभळा रणगाडा केला तर तो जांभळाच राहू द्या. मूळ रंग कोणता होता हे शोधायची हौस बहुतेकांना पाचव्या-सहाव्या मॉडेलनंतर आपोआप लागते. मग वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला घेऊन जा. तिथे आवारात आपल्याच देशात घडवलेलं मारुत लढाऊ विमान उभं आहे, वाफेचं इंजिन आहे, जुनी ट्राम आहे. ज्याने एकदा चाक बसवलंय तो मुलगा खऱ्या विमानाच्या चाकापाशी किती वेळ वाकून बसतो ते बघा.

राहिला मोबाइल. ताई, इथे मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. किट जोडून मोबाइल सुटतो असं मी पाहिलेलं नाही. बहुधा तो त्याच मोबाइलवर किट जोडायचे व्हिडिओ बघायला लागेल. त्याला हरकत घेऊ नका, पण ‘मोबाइल नको म्हणून हे कर’ असं चुकूनही बोलू नका. छंद औषध म्हणून पाजला की मुलाला त्याची चव औषधासारखीच लागते. आठवड्यातून एकदा, अर्धा-पाऊण तास, आणि तोही त्याला कंटाळा यायच्या जरा आधी उठायचं. एखाद्या शनिवारी नको म्हणाला तर बाबांनी एकटं बसावं आणि तक्रार न करता बसावं. डकोटा कुणीतरी पूर्ण करायचाच आहे. दोन-तीन महिन्यांत मुलाचा एकही किट पुढे सरकला नाही, तर हा छंद त्याचा नाही इतकंच समजा. बाबांचा आहे, आणि तोही काही कमी नाही.

शोकेसचं शेवटी. मुलाचं पहिलं मॉडेल झालं की ते डकोटाच्या मागे लपवू नका. त्याला स्वतंत्र कप्पा द्या, काच बंद होणारा असेल तर उत्तम. धूळ झटकायला मेकअपचा जुना मऊ ब्रश वापरा, आणि घरकामाला येणाऱ्या मावशींना आजच सांगून ठेवा की त्या कप्प्याला ओला फडका लावायचा नाही.